तुमच्या सहीशिवाय काय अडतं?

वाचकाचं पत्र:

मी पंचवीस वर्षांची आहे. फायनान्समधलं पदव्युत्तर शिक्षण झालंय. इन्व्हेस्टमेंट बँकेत मोठमोठ्या डील्सवर काम करायचं हे कॉलेजपासूनचं स्वप्न. पण फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे थेट सौदे आणि डील्स करणाऱ्या विभागाच्या, मुलाखतींत दोनदा शेवटच्या फेरीत राहिले. आता हातात तीन ऑफर आहेत आणि तिन्ही सपोर्टच्या आहेत. एका बँकेत केवायसी, तिथे पगार सगळ्यांत चांगला. दुसरीकडे सेटलमेंट ऑपरेशन्स. तिसरीकडे प्रॉडक्ट कंट्रोल, तिथे पगार सगळ्यांत कमी. माझा मामेभाऊ फ्रंट ऑफिसमध्ये आहे. तो म्हणतो, बॅक ऑफिसचा शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही, त्यापेक्षा वर्षभर थांब. मला आकडे जुळले की मनापासून बरं वाटतं. पण समोरच्याने आवाज चढवला की मी गप्प बसते. मी हार मानतेय का? यातलं काय घेऊ? आणि पुढे कधी फ्रंटला जाता येईल का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी जी दोन वाक्यं आहेत, तिथे थांबले. आकडे जुळले की बरं वाटतं, आवाज चढला की गप्प बसता. तुमच्या निवडीचा निकाल बराचसा त्या दोन वाक्यांवर लागणार आहे, त्यामुळे त्यांच्याकडे सावकाश येते.

आधी हार मानण्याविषयी. मी अठरा वर्षं याच बाजूला काढली, चार सेटलमेंटमध्ये आणि बाकीची प्रॉडक्ट कंट्रोलमध्ये. एकही डील आणली नाही, एकही ट्रेड केला नाही. तरीही 'सपोर्ट' हा शब्द ऐकला की मला आजही वाटतं, हे नाव ठेवणाऱ्याला काम नीट दिसलं नसावं. ट्रेडर सौदा करतो म्हणजे बँकेच्या वतीने शब्द देतो. तो शब्द नोंदवायचा, समोरच्याच्या नोंदीशी ताडून बघायचा, पैसे आणि रोखे वेळेवर पोचवायचे (याला सेटलमेंट म्हणतात), त्यात रोज किती मिळालं आणि किती गेलं ते मोजायचं, मुळात तो सौदा करायची मुभा होती का तेही बघायचं. हे सगळं दुसऱ्या माणसांनी करायचं असतं.

दुसऱ्यांनीच का, ते 1995 साली साऱ्या जगाला कळलं. बेअरिंग्ज ही लंडनची 1762 सालची बँक. तिच्या सिंगापूरच्या कंपनीत निक लीसन सौदेही करत होता आणि त्याच सौद्यांचं सेटलमेंटही त्याच्याच हाताखाली होतं. तोटा त्याने 88888 नावाच्या एरर खात्यात, म्हणजे चुकलेल्या नोंदींसाठीच्या खात्यात, लपवला. या दोन जबाबदाऱ्या एकाच माणसाकडे आहेत, वेगळ्या करा, असं बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत ऑडिटने 1994 मध्येच लिहून दिलं होतं. ते झालं नाही. तोटा अखेर 82 कोटी 70 लाख पौंडांवर गेला आणि बँक एका पौंडाला आयएनजीने घेतली. ज्या खुर्चीवर वेगळा माणूस नव्हता म्हणून ती बँक बुडाली, तशीच खुर्ची आज तुम्हाला देऊ करताहेत. तिच्यावर बसण्यात हार कसली?

मात्र मामेभावाचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शिक्का असतो. बोनस कमी असतो, चांगलाच कमी असतो. एकाच मजल्यावर बसूनही तुमच्याशी बोलण्याचा सूर वेगळा असतो, आणि पहिली दोन-तीन वर्षं तो लागतो. वेळा फ्रंट ऑफिसपेक्षा बऱ्या, हे खरं. पण महिनाअखेर आणि तिमाहीअखेर कुणाला चुकत नाही. हे सगळं माहीत असूनच जायचं. 'वर्षभर थांब' हा सल्ला मात्र मला पटत नाही. रिकामं वर्ष मुलाखतीत समजावून सांगणं हे बॅक ऑफिसचं वर्ष समजावून सांगण्यापेक्षा अवघड जातं. शिवाय त्या वर्षात तुम्ही शिकणार काय?

आता निवड. सपोर्ट नावाच्या एकाच छत्रीखाली इतकी वेगवेगळी कामं कोंबलेली आहेत की त्या नावावरून काहीच ठरवता येत नाही. रिस्क, कम्प्लायन्स, ट्रेझरी, टेक्नॉलॉजी, मॉडेल तपासणारे, अंतर्गत ऑडिट, हे सगळे त्यातच येतात. प्रत्येक ऑफरला मी एकच प्रश्न विचारते: या खुर्चीवरच्या माणसाने सही केली नाही तर काय अडतं? काही अडत असेल, तर त्या कामात वजन आहे आणि तुम्हाला विचार करायला लागेल. काहीच अडत नसेल, कागद तुमच्याकडून नुसताच पुढे जात असेल, तर पगार कितीही असो, दोन वर्षांनी तुम्ही तिथेच असाल.

केवायसी आधी संपवते. ग्राहक कंपनीचा खरा मालक कोण, पैसा कुठून येतो, निर्बंधांच्या यादीत कुणी आहे का, हे तपासल्याशिवाय खातं उघडत नाही. म्हणजे सहीशिवाय अडतं. पण ती सही कुणाची, हे विचारा. अनेक ठिकाणी नव्याने आलेल्यांनी कागद गोळा करायचे, चेकलिस्ट भरायची, आणि निर्णय दुसरीकडे व्हायचा, असं असतं. कामाचं मोजमाप दिवसाला किती फाइली एवढंच असेल तर जपून. चार देशांतल्या सहा कंपन्यांच्या साखळीतून खरा मालक शोधून काढण्यात काहींना फार गोडी असते, आणि त्यांच्यासाठी हे उत्तम क्षेत्र आहे. पण तुमच्या पत्रात तशी ओढ कुठे दिसली नाही. तुम्हाला आकडे हवेत. केवळ पगारासाठी ही ऑफर घेऊ नका.

सेटलमेंटवर माझा जीव आहे, ते आधीच सांगते. सकाळी स्क्रीन उघडली की काल झालेल्या सौद्यांतले जुळलेले सौदे दिसतच नाहीत, ते यंत्राने परस्पर पुढे पाठवलेले असतात. तुमच्यासमोर येतात ते न जुळलेले. एक उदाहरण घ्या. 50 लाख डॉलर दर्शनी किमतीचा बाँड. आपल्या नोंदीत किंमत दर्शनी शंभरामागे 99.42, समोरच्या बँकेच्या नोंदीत 99.24. कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. फरक नऊ हजार डॉलरचा. कुणाचं बरोबर, हे ट्रेडरच्या चॅटमध्ये सापडेल. पण ट्रेडर मीटिंगमध्ये आहे, समोरच्या बँकेतला माणूस म्हणतोय आमचंच बरोबर, आणि कट-ऑफला, म्हणजे सौदा पुढे पाठवायच्या शेवटच्या वेळेला, चाळीस मिनिटं उरलीत. ती चाळीस मिनिटं मला शाळा-कॉलेजातल्या कुठल्याही पेपरपेक्षा जास्त शिकवून गेली. सौदा जन्मतो कसा आणि संपतो कसा, हे फ्रंट ऑफिसमधल्या बऱ्याच जणांना शेवटपर्यंत माहीत नसतं. अमेरिकेत 28 मे 2024 पासून शेअर्सचं सेटलमेंट सौद्यानंतरच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी होऊ लागलं, युरोपही 2027 मध्ये तिकडे जातोय. म्हणजे चूक दुरुस्त करायला मिळणारा वेळ निम्म्यावर आला. साधी कामं यंत्राकडे जाणारच. जे उरतं ते हेच, न जुळणारं.

या कामातला धोका वेगळा आहे. ते बारीक बारीक तुकड्यांत कापलेलं असतं. एक टीम फक्त कन्फर्मेशन बघते, दुसरी फक्त पेमेंट, तिसरी फक्त ब्रेक, म्हणजे न जुळलेल्या नोंदी. तुकड्यात अडकलात की पूर्ण चित्र कधी दिसतच नाही, आणि चित्र न दिसता केलेली सही भयंकर असते. ऑगस्ट 2020 मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं व्याज द्यायचं होतं, साधारण 78 लाख डॉलर. गेले जवळपास 90 कोटी डॉलर. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर तीन चौकटींत खूण करायला हवी होती, ती एकाच चौकटीत केली गेली. एकाने भरलं, दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने मंजूर केलं. तिघांचीही समजूत एकच होती, आणि ती चुकीची होती. त्यातले बरेचसे पैसे परत मिळवण्यासाठी बँकेला दोन वर्षं कोर्टात लढावं लागलं. मी त्या तिघांना नावं ठेवणार नाही. तशा स्क्रीनसमोर मी बसलेले आहे. पण सेटलमेंटची ऑफर घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात विचारा की मी भरते ती प्रत्येक चौकट नेमकं काय करते. ज्या मॅनेजरला या प्रश्नाचा कंटाळा येतो, त्याच्याकडे जास्त काळ राहू नका.

आता प्रॉडक्ट कंट्रोल, जिथे पगार सगळ्यांत कमी आहे. मला वाटतं, तुमची जागा तिथे आहे.

काम थोडक्यात असं. रोज संध्याकाळी डेस्कचा, म्हणजे ट्रेडरांच्या एका गटाचा, नफा-तोटा मोजायचा आणि तो का झाला ते सांगायचं. व्याजदर इतके हलले म्हणून इतका, चलन हललं म्हणून इतका, नवीन सौद्यांतून इतका. सगळं वजा करून जो तुकडा उरतो, ज्याचं कारण सापडत नाही, तिथून तुमचं खरं काम सुरू होतं. आणि महिनाअखेरीला ट्रेडरने आपल्या पुस्तकात, म्हणजे हातातल्या सौद्यांच्या यादीत, लावलेल्या किमती बाहेरच्या स्रोतांशी ताडून बघायच्या. रोज उलाढाल होणाऱ्या शेअरची किंमत कुणीही सांगेल. पण सहा महिन्यांत एकदाही न विकला गेलेला बाँड कितीचा? ते माणसालाच ठरवावं लागतं, आणि ज्याचा बोनस त्या किमतीवर अवलंबून आहे त्याला एकट्याला ते ठरवू देता येत नाही. तुमची सही झाली नाही तर तो आकडा बँकेच्या हिशेबात जात नाही.

आकडे जुळले की बरं वाटणारं माणूस इथे खुलतं. पण इथेच आवाजही चढतात. म्हणून मी माझी एक गोष्ट सांगते.

प्रॉडक्ट कंट्रोलमधलं माझं दुसरं वर्ष. महिनाअखेर. एका ट्रेडरकडे 1 कोटी डॉलर दर्शनी किमतीचा एक बाँड होता, क्वचितच विकला जाणारा. त्याने 98.50 लावले होते. मला दोन ब्रोकरांकडून मिळालेले कोट, म्हणजे त्यांनी सांगितलेले भाव, 97.25 च्या आसपास होते. फरक सव्वा लाख डॉलर. मी मेल केला तर तो स्वतः माझ्या टेबलापाशी आला. उभाच राहिला. मी बसलेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मार्केट मला कळतं की तुला?" माझा घसा कोरडा पडला. मी म्हटलं, ठीक आहे, बघते. तो गेल्यावर शेरा लिहिला, 'ब्रोकर कोट जुने असण्याची शक्यता', आणि सही केली. कोट त्याच दिवशीचे होते.

पुढच्या महिन्यात बाजारात तो बाँड 96 ला आला. त्याच्या पुस्तकात अजूनही 98.50. फरक अडीच लाखांवर गेला आणि प्रकरण वरिष्ठांपर्यंत पोचलं. माझ्या मॅनेजर बाईंनी मला खोलीत बोलावलं. मागच्या महिन्याचा कागद समोर ठेवला, माझ्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "तुला तेव्हा माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित मी विसरले असते.

मग त्यांनी मला एक वाक्य दिलं, ते मी पुढे अनेक वर्षं वापरलं. ट्रेडर म्हणाला की मार्केट मला कळतं, तर म्हणायचं, "मान्य, मला तुमच्याइतकं कळत नाही. म्हणून मला तुमच्या किमतीला दोन कोट दाखवा. मिळाले की लगेच सही करते." आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही. आणि तो वळला की पाच मिनिटांत मेल: आपलं आत्ता बोलणं झालं, माझे कोट असे आहेत, तुमचे मिळेपर्यंत हा फरक खुला ठेवते आहे, कॉपी मॅनेजरला. पहिल्यांदा तो मेल पाठवताना माझी बोटं थरथरत होती. चौथ्या-पाचव्यांदा नाही. आवाज चढवणाऱ्याकडे बहुतेकदा दाखवायला कोटच नसतो, हेही मला तेव्हाच कळलं.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण तुमचा गप्प बसण्याचा स्वभाव या कामाच्या आड येईल असं तुम्हाला वाटत असणार. तो तसाच राहिला तर येईल. पण या कामाला मोठा आवाज लागत नाही. प्रश्न उघडा ठेवता यायला हवा, बस. 2008 च्या जानेवारीत सोसिएते जनराल बँकेत जेरोम केर्व्हिएलच्या सौद्यांमुळे 490 कोटी युरोंचा तोटा उघड झाला. बँकेच्या स्वतःच्या चौकशीत दिसलं की त्याआधी सत्तरहून जास्त इशारे वाजले होते. माणसांनी विचारणा केली होती. त्याने काहीतरी उत्तर दिलं, आणि उत्तर आलं म्हणून प्रश्न बंद झाला. उत्तर खरं आहे का, हे बघणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. याउलट 2011 मध्ये यूबीएसच्या लंडनमधल्या क्वेकू आडोबोलीने 230 कोटी डॉलरचा तोटा दडवला होता. त्याच्या सौद्यांचे खुलासे मागणाऱ्या अकाउंटंटलाच त्याने शेवटी ई-मेल करून कबुली दिली.

तुमचा तिसरा प्रश्न, पुढे फ्रंटला जाता येईल का. आता नावं घेतलेले दोघंही मिडल आणि बॅक ऑफिसमधूनच, म्हणजे सपोर्टच्या बाजूनेच, पुढे गेले होते, म्हणजे वाट आहे. त्यांच्यामुळे ती अरुंदही झाली. कुठली तपासणी कधी होते हे माहीत असलेला माणूस ट्रेडिंगला पाठवताना बँका आता दहादा विचार करतात, त्याचे जुने अधिकार काढून घेतात, आणि अनेक ठिकाणी ट्रेडरला वर्षातून एकदा सलग दोन आठवडे सक्तीने सुट्टीवर पाठवतात, म्हणजे त्याचं पुस्तक दुसऱ्याच्या हाती पडतं. तरी प्रॉडक्ट कंट्रोल आणि मार्केट रिस्कमधून ट्रेडिंग डेस्कवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, बहुतेक पहिल्या तीन-चार वर्षांत.

पण तुम्ही पत्रात 'डील्स' लिहिलंय. डील्स म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, भांडवल उभारणी. तो विभाग वेगळा आणि ट्रेडिंग वेगळं. प्रॉडक्ट कंट्रोलमधून तिथे जाणारं मला क्वचितच कुणी दिसलं. स्वप्न खरोखर तेच असेल तर तिन्ही ऑफर त्या रस्त्यावर नाहीत, हे आत्ताच सांगणं बरं. त्या बाजूला जायचं तर कर्जांचं क्रेडिट विश्लेषण, कंपन्यांचं मूल्यांकन, किंवा अकाउंटिंग फर्ममधलं खरेदी-विक्रीआधीच्या तपासणीचं काम जास्त जवळचं. म्हणून आज रात्री एकदा स्वतःला विचारा की डील्सचं आकर्षण त्या कामाचं आहे की त्या नावाचं. मला तुमच्या पत्रातून डील करणारी नव्हे, हिशेबाचा छडा लावणारी व्यक्ती दिसली. चुकत असेन तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

एक मात्र करू नका. कुठलीही ऑफर वेटिंग रूम समजून घेऊ नका. एक डोळा दारावर ठेवून बसलेले सहकारी मी बरेच पाहिले. ते प्रॉडक्टही शिकले नाहीत आणि दारही उघडलं नाही, कारण डेस्कवर ज्यांना बोलावलं गेलं ते पुस्तकातला शेवटचा न सुटणारा तुकडा सोडवणारे होते.

शुक्रवारला वेळ आहे. उद्या प्रॉडक्ट कंट्रोलच्या मॅनेजरला फोन करा आणि वीस मिनिटं मागा. विचारा, ही टीम कुणाला रिपोर्ट करते. उत्तर फायनान्सच्या प्रमुखाकडे जायला हवं. ट्रेडिंगच्या प्रमुखाकडे जात असेल तर ती ऑफर सोडा. विचारा की नफा-तोट्याचं स्पष्टीकरण मी स्वतः लिहिणार की दुसऱ्या टीमने लिहिलेलं नुसतं जोडणार, आणि ट्रेडरशी मी थेट बोलणार का. या टीममधून शेवटचे तीन जण गेले ते कुठे गेले, हेही विचारा. आणि मग, हा सगळ्यांत महत्त्वाचा, विचारा: "एखाद्या किमतीवर मी सही केली नाही आणि ट्रेडर तुमच्याकडे तक्रार घेऊन आला, तर तुम्ही काय करता?" उत्तर देताना मॅनेजरने एखादा घडलेला प्रसंग सांगितला तर पगाराचा फरक विसरा आणि ही ऑफर घ्या. 'तसं आमच्याकडे होत नाही' असं म्हणाला, तर सेटलमेंटवाल्यांना होकार कळवा.